नाव लिहिलेला डबा

गणपतीला गावी निघायच्या आदल्या रात्री आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन गोष्टी सगळ्यांत शेवटी भरल्या जातात. मखराचं सामान चुरगळू नये म्हणून, आणि औषधांचा डबा हाताशी राहावा म्हणून. डबा पांढऱ्या प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा, दोन किलो तांदूळ मावतील एवढा. झाकणावर काळ्या मार्करने ठळक अक्षरांत सासूबाईंचं नाव, घरातल्या दोघांचे फोन नंबर आणि एक तारीख लिहिलेली आहे. तिच्या वर आणखी चार तारखा आहेत, प्रत्येकीवर आडवी रेघ मारलेली. हे अक्षर आमच्या भावोजींचं. ते लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात काम करतात, आणि मार्करही ड्रमवर लिहितात तसलाच आहे.

आमचं गाव खेड तालुक्यातलं लोटे. मुंबई-गोवा महामार्गावर, परशुरामाच्या डोंगराच्या अलीकडे. एकीकडे कारखान्यांच्या चिमण्या, दुसरीकडे भातखाचरं, आणि मधे आमची वाडी. डोंबिवलीहून अंतर दोनशे किलोमीटरहून थोडंसंच अधिक, पण गणपतीच्या दिवसांत हा रस्ता किलोमीटरने मोजायचा नसतो हे प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. मला ते जरा उशिरा आणि फार कठीण पद्धतीने कळलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कशेडीचा बोगदा तेव्हा व्हायचा होता. पहाटे पाचला निघालो. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, निघतानाच मधुमेहाची गोळी घेतली. सातला पेणला थांबून पोहे खायचे, असा बेत होता. वडखळला रांग लागली, माणगावला ती हललीच नाही, आणि पोलादपूर सोडून घाट चढायला लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मधे कुणीतरी आईंना बिस्किटं दिली, त्यांनी ती नातवाला दिली. घाटात पुन्हा गाड्या थांबल्या. मागे वळून पाहिलं तर आईंचं पातळ घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, आणि त्या माझ्या नवऱ्याला स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारत होत्या.

साखर उतरली होती. गाडीत ग्लुकोज नव्हतं. पण मागच्या बाजूला उकडीच्या मोदकांसाठी घेतलेला गूळ होता. नवऱ्याने जॅकच्या दांड्याने त्याचा तुकडा पाडला, मी तो बाटलीतल्या पाण्यात कुस्करून आईंच्या ओठांना लावला. त्या शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून हे जमलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी मला नावाने ओळखलं. त्या पंधरा मिनिटांत मी किती वेळा नवस बोलले ते माझं मलाच माहीत.

घाट उतरल्यावर पहिला दवाखाना दिसला तिथे शिरलो. डॉक्टरांनी साखर तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळी कोणती घेतात?"

मी पर्समधून स्टीलची डबी काढली. त्यात आठ दिवसांच्या गोळ्या होत्या. पाकिटं जागा अडवतात म्हणून मी त्या कात्रीने सुट्या कापल्या होत्या. नाव आणि मुदत पाकिटाच्या ज्या टोकाला छापलेली असतात, ती टोकं डोंबिवलीच्या कचऱ्यात गेली होती. डबीत तीन प्रकारच्या पांढऱ्या गोळ्या आणि एक फिकट गुलाबी. रक्तदाबाची कोणती, साखरेची कोणती, मला सांगता येईना. चिठ्ठी घरी, फ्रिजवर चुंबकाखाली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा इतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तिचा अंमल बराच वेळ टिकतो, आणि एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. गोळी कळत नसल्यामुळे धोक्याचीच धरून चालायचं. संध्याकाळपर्यंत आई तिथल्या बाकड्यावर, दर तासाला बोटाला सुई, आणि आम्ही बाहेर पावसात.

रात्री लोट्याला पोचलो. पडवीत कंदील लावून भावोजी वाट बघत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, ती डबी हातात घेतली, उघडली, आणि बराच वेळ गोळ्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे नाव नसलेल्या ड्रमला कुणी हात लावत नाही. आत पाणी असलं तरी नाही. आणि तुम्ही नाव नसलेली गोळी आईच्या हातावर ठेवता?"

त्यांनी सांगितलं की कारखान्यातल्या प्रत्येक ड्रमवर आत काय आहे, कोणत्या तारखेला भरलं, हे लिहिलेलं असतं. शिवाय प्रत्येक रसायनाचा एक कागद असतो, त्याला ते एमएसडीएस म्हणतात. अंगावर सांडलं तर काय करायचं, डोळ्यात गेलं तर काय, कशाच्या जवळ ठेवायचं नाही, सगळं त्यात. अपघात झाला आणि भरणारा माणूस शुद्धीवर नसला, तरी दुसऱ्याला ते वाचून हालचाल करता यावी. "आईचा असा कागद कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

त्या रात्री मला जे उमगलं ते इतकंच. प्रवासातली औषधं आपल्यासाठी भरायची नसतात. आपल्याला तर पाठ असतं. ती अनोळखी माणसासाठी भरायची असतात, जो घाटात किंवा रेल्वेच्या डब्यात आपल्या माणसाशेजारी बसलेला असेल आणि ज्याला आपल्याबद्दल काहीच माहीत नसेल.

तेव्हापासून डबा त्या हिशेबाने भरतो. गोळ्या पूर्ण पाकिटात. पाकीट कापायचंच झालं तर नावाचं आणि मुदतीचं टोक शाबूत ठेवून. दिवस मोजताना मुक्काम सात दिवसांचा असेल तर औषधं बारा दिवसांची, कारण हा रस्ता कधी बंद होईल ते सांगता येत नाही. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत परशुराम घाट कामासाठी रोज दुपारी पाच-पाच तास बंद ठेवला जात होता, आणि पावसाळ्यात दरड यायला वेळापत्रक लागत नाही. डबा डिकीत जात नाही, पायाशी राहतो. कोकण रेल्वेने गेलो तर सीटखालच्या बॅगेत नव्हे, खांद्यावरच्या पिशवीत.

आणि कागद. एका पानावर मोठ्या देवनागरी अक्षरांत आईंचं नाव, वय, कोणते आजार, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचा फोन. मूळ नाव एवढ्यासाठी की एकच औषध दहा कंपन्या दहा नावांनी विकतात. डोंबिवलीच्या मेडिकलमध्ये मिळणारं नाव खेडच्या दुकानात असेलच असं नाही, पण मूळ नाव सांगितलं की दुकानदार बरोबर तेच काढून देतो. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तारीख. डॉक्टरांनी काहीही बदललं की कागद नवा.

ह्या वर्षीही पहाटे निघालो. गोळीची वेळ आता डॉक्टरांना विचारून ठरवली आहे. घड्याळाकडे बघून नाही, ताट समोर आलं की. आईंच्या हाताशी ग्लुकोजची पुडी, आणि तिच्यावर मुलाच्या अक्षरात लिहिलेलं, 'घाम, थरथर, बडबड - तीन चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे'. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. त्याला गाडी लागते. कोलाडच्या पुढे रस्ता वळणं घ्यायला लागला की त्याचा चेहरा पांढरा पडतो. अ‍ॅव्होमिनची डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा निघण्याच्या तासभर आधी द्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर दिली तर उपयोग नाही. ह्या गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याला ती चुकूनही द्यायची नाही. आमच्याकडे जोडीला आवळासुपारी आणि आल्याच्या वड्या असतात. पुढची सीट, खिडकी उघडी, नजर लांबच्या डोंगरावर. ह्या उपायांना काही खर्च नाही आणि त्याला ते लागू पडतात.

माणगावला गाड्या थांबल्या तेव्हा शेजारच्या रिक्षातल्या एका बाईच्या मांडीवर लहान मूल होतं. रात्रीपासून जुलाब, डोळे खोल गेलेले. ती त्याला लाल रंगाच्या पेयाच्या खोक्यातून घोट घोट पाजत होती. मी डब्यातलं ओआरएसचं पाकीट काढलं, मागची बाजू वाचली आणि तिला वाचून दाखवली. लिटरभर पाण्यासाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, आणि पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण हेच. पाकीट लिटरचं असेल तर पूर्ण लिटरभर पाण्यात एकदम विरघळवायचं, अर्धं पाकीट अंदाजाने नाही, आणि चोवीस तासांनंतर उरलेलं फेकून द्यायचं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं तेव्हा हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्याने मरणारी माणसं वाचवली. इतक्या साध्या गोष्टीच्या नावाखाली बाजारात वर्षानुवर्षं गोड सरबतंही विकली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांच्या वेष्टनावर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. नुसत्या साखरेने जुलाब वाढू शकतात. म्हणजे इथेही प्रश्न नावाचाच.

पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवून आमची बाटली तिला दिली. बाळाने सहा-सात चमचे घेतले आणि मग ते रडलं, चांगलं मोठ्याने. मूल शुष्क पडलं की त्याला रडायचंही त्राण राहत नाही. तो आवाज ऐकून बरं वाटलं. तरी माणगावातच डॉक्टरांना दाखव, असं सांगून आम्ही पुढे सरकलो.

महाड आलं की मी दरवेळी मनातल्या मनात हात जोडते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून लहान मुलं डोळ्यांदेखत जायची. त्या विषाने रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. बावस्करांनी रात्र रात्र रोग्यांशेजारी बसून हे टिपून ठेवलं, आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची एक साधी गोळी त्यावर चालते हे दाखवलं. गंभीर दंशातल्या मृत्यूंचं प्रमाण ३० ते ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आरोग्य केंद्रात बसून जगाला औषध शिकवलेला माणूस ह्या रस्त्यावरचा आहे, ह्याचा मला अभिमान वाटतो.

पण ती गोळी मी डब्यात ठेवत नाही. डब्यात काय ठेवायचं नाही हेही शिकावं लागतं. विंचूदंशावर प्राझोसिन डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं असतं. सापाचं तर त्याहून अवघड. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चारही विषांवर चालणारी लस घोड्यांच्या रक्तातून बनते, शिरेतून देतात आणि तिची प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती रुग्णालयातच हवी. आमच्या कातळावर फुरशी आहेत. चावलं तर जागा कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. हातपाय न हलवता झोपवून लवकरात लवकर रुग्णालय गाठायचं. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही तीन नावं चिकटवली आहेत. उत्तरेकडे कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय, दक्षिणेकडे चिपळूणपलीकडे कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय, आणि सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय. त्याखाली १०८, जी रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे. डब्यात न मावणारी औषधं कुठे आहेत, ते डब्याने सांगायला हवं.

कशेडीचा बोगदा काही मिनिटांत मागे पडला. आई खिडकीतून बघत होत्या. जुन्या घाटाकडे जाणारा रस्ता दिसला तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

लोट्याच्या घरी पोचल्यावर पहिलं काम इन्सुलिनचं. गेल्या दोन वर्षांपासून आईंना इन्सुलिन सुरू झालं आहे. वापरात नसलेली पेनं दोन ते आठ अंशांत लागतात, वापरात असलेली बहुतेक पेनं तीस अंशांच्या आत चार आठवडे चालतात. प्रवासात ती रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये असतात, बर्फाची पिशवी खाली आणि मधे टॉवेलची घडी, कारण इन्सुलिन गोठलं की वाया जातं, आणि वितळल्यावर ते दिसायला तसंच दिसतं. काचेजवळ उन्हात राहिलं तरी वायाच. गावात वीज गेली की कुणी ओल्या मडक्याचा उपाय सुचवतं. उन्हाळ्यात देशावर तो उत्तम आहे, पण भाद्रपदात कोकणातल्या हवेत इतकी ओल असते की मडक्यावरचं पाणी वाळत नाही आणि मडकं फारसं गारही होत नाही. आम्ही फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणापासून लांब ठेवतो, आणि वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही अशी घरातल्या पोरांना ताकीद असते.

तिसऱ्या दिवशी मुलाला ताप आला. शेजारच्या काकूंना कळलं तसं त्यांनी लगेच त्यांची पॅरासिटामॉलची बाटली आणून दिली. ती आणि आमची, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसत होत्या. आमच्या बाटलीवर पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम, त्यांच्या बाटलीवर २५०. रात्रीच्या अंधारात त्यांच्या बाटलीतलं तेवढंच चमचाभर दिलं असतं तर मात्रा दुप्पट झाली असती. म्हणून आमच्या बाटलीला तिचं मापाचं झाकण रबराने बांधलेलं असतं आणि मुलाचं वजन कागदावर लिहिलेलं असतं. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो, त्यात आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन रक्तस्राव वाढवू शकतात, तेव्हा डॉक्टरांनी पाहीपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज काही नाही. दोन दिवसांत ताप उतरला. लावणी झालेल्या खाचरांत अनवाणी हुंदडून पोटरीला ओरखडे पडले होते, तेही डॉक्टरांना मुद्दाम दाखवले. चिखलपाण्यातून जखमेवाटे लेप्टो होतो, हे कोकणात विसरून चालत नाही.

त्याच आठवड्यात वाडीतला एक मुलगा दुबईला नोकरीला निघाला होता. खेड तालुक्यातून आखातात गेलेली माणसं बरीच आहेत. त्याची आई बॅग भरत होती आणि भावोजींनी मला तिथे नेलं. खोकल्याचं औषध होतं, त्यात कोडीन. पाठदुखीच्या गोळ्या होत्या, त्यात ट्रामाडॉल. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधं आहेत, तिथल्या सरकारची आधी परवानगी घेतल्याशिवाय नेली तर विमानतळावरच अडचण. बाकीच्या औषधांची मूळ पाकिटं आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत हवी. खोकल्याचं औषध आणि पाठदुखीच्या गोळ्या त्या माउलीने काढून ठेवल्या. मग मी अनारशांचा डबा पाहिला. त्यावर खसखस होती. तिथे खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाला आवडतात म्हणून रात्र जागून केलेले. "इथेच खाऊन जा रे सगळे," ती म्हणाली, आणि मुलाने अंगणात उभ्याउभ्या चार खाल्ले.

परतण्याच्या आदल्या दिवशी परशुरामाला गेलो. देवळातून बाहेर येऊन घाटाच्या वळणावर थांबलं की खाली वाशिष्ठी दिसते आणि पलीकडे चिपळूण. २२ जुलै २०२१ ला ह्या नदीने सगळी बाजारपेठ पोटात घेतली, औषधांच्या दुकानांसकट. आमच्या नात्यातल्या एका घरात पाणी उतरल्यावर फ्रिज आडवा पडलेला सापडला, आणि मामांच्या हृदयाच्या उपचारांची वीस वर्षांची फाइल चिखलाचा गोळा झाली होती. मामा वाचले. पण पुढचे काही दिवस त्यांना प्रत्येक डॉक्टरला आठवून आठवून सगळं सांगावं लागलं, आणि ते चुकत होते. तेव्हापासून आईंचा कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत असतो, त्याचा फोटो तिघांच्या फोनमध्ये, आणि एक प्रत लोट्याच्या घरी देव्हाऱ्याच्या खणात.

निघायच्या दिवशी सकाळी भावोजींनी डबा पडवीत आणला. आई जवळ बसल्या, चष्मा लावला आणि कागद स्वतः मोठ्याने वाचला. प्रत्येक ओळीला भावोजींनी डब्यातून ते पाकीट काढून नाव आणि मुदत पाहिली आणि परत ठेवलं. एका गोळीची मात्रा मधल्या काळात निम्मी झाली होती, आणि ते आईंनीच सांगितलं. भावोजींनी कागद नवा लिहिला. मग झाकण लावलं, खिशातून मार्कर काढला, जुन्या तारखेवर रेघ मारली आणि तिच्याखाली त्या दिवसाची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत आईंनी डबा मांडीवर धरून ठेवला.